१९७२ च्या एमजीबी जीटीत साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवावं का?

क्रोमबंपर

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच अडचण घेऊन आलोय.

माझ्याकडे १९७२ ची एमजीबी जीटी आहे, एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार. आधी मोठ्या मामाची होती. गुडघ्यांमुळे इतक्या खाली बसून उठणं त्याला जमेना, तेव्हा त्याने चावी माझ्या हातात ठेवली. त्याला आता अकरा वर्षं झाली. इंजिन मूळचंच आहे, १७९८ सीसी, चार सिलिंडर, दोन एसयू कार्ब्युरेटर. चार गिअर आणि ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिन कमी फिरवणारी जोडणी). चाकं तारेची.

दोन महिन्यांपूर्वी गाडी तापली की आयडलिंगला ऑइल प्रेशरचा काटा पार खाली बसायला लागला. मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खालून ठोका यायला लागला. कसाबसा चेंबर उतरवला. तळाच्या तेलात बोट फिरवून उजेडात धरलं तर बोटावर तांबूस चकाकी. कनेक्टिंग रॉडच्या दोन बेअरिंगांचा वरचा थर उडून तांबं उघडं पडलंय. क्रँक ग्राइंड केल्याशिवाय सुटका नाही.

म्हणजे इंजिन उतरणार हे ठरलंच. आणि नेमक्या याच वेळी एका ओळखीच्या माणसाकडे रोव्हर एसडी-वनमधून काढलेलं ३.५ लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन आहे असं कळलं, पाच गिअरच्या बॉक्ससकट. काढलं तेव्हा चालू होतं म्हणतो, नंतर बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून आहे. मी बघून आलो. हाताने क्रँक फिरवला, फिरतो.

आता प्रश्न. माझी गाडी क्रोम बंपरची आहे, तिच्यात हे इंजिन कापाकापी न करता बसतं का? स्टीअरिंगला अडतं का? ब्रेक पुरतात का? आणि झोप उडवणारा प्रश्न वेगळाच आहे: मामाने दिलेली गाडी त्यानंतर तीच राहते का? ज्यांनी स्वतःच्या हातांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

सरळचार

माझं मत: क्रँक ग्राइंड करा, बोअर करा आणि हेच इंजिन नीट बांधा. बोअर ८०.२६ मिलिमीटरवरून साधारण ८३.५ पर्यंत नेला की हेच इंजिन १९५० सीसी होतं. हेडचे पोर्ट मोकळे करून घ्या, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जरा तिखट टाका, फिरणारे सगळे भाग बॅलन्स करून घ्या. माझ्या गाडीत हेच आहे. खालून ओढते आणि वरही दम सोडत नाही. वजन तेवढंच, माउंटिंग तीच, एकही नवं भोक नाही.

ही गाडी या इंजिनाभोवती बांधलेली आहे. मामांनी जी गाडी दिली ती मला तरी जपावीशी वाटली असती.

तेलाचे हात

क्रोमबंपर, मी हे केलंय. १९७० ची जीटी, तुमच्यासारखीच क्रोम बंपरची आणि उजवीकडून चालवायची. चौदा महिने फक्त शनिवार-रविवार. आज त्याला सहा वर्षं झाली. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी 'तीच राहते का' हा प्रश्न. तुम्ही जे करू बघताय ते कारखान्याने स्वतः केलेलं आहे. केन कॉस्टेलो यांनी १९७० च्या सुमारास एमजीबीत रोव्हरचं व्ही-८ बसवून गाड्या विकायला सुरुवात केली, आणि १९७३ मध्ये कारखान्यानेच एमजीबी जीटी व्ही-८ बाजारात आणली. ३५२८ सीसी, १३७ अश्वशक्ती. १९७६ मध्ये बंद झाली तोवर २५९१ बनल्या होत्या. पुढे १९९३ मध्ये आरव्ही-८ आली, तीही याच घराण्यातली. त्याआधी १९६७ मध्ये त्यांनी याच बॉडीत तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन घालून एमजीसी काढली होती. ते इंजिन सगळं बिडाचं, लांब आणि जड, त्यामुळे नाक जड झालं आणि नावं ठेवली गेली. व्ही-८ चं तसं झालं नाही, कारण ते अॅल्युमिनियमचं. मुळात ब्यूकने १९६१ साली आणलेलं ते इंजिन. रोव्हरने त्याचे हक्क घेऊन १९६७ पासून आपल्या गाड्यांत घालायला सुरुवात केली. सिलिंडर दुप्पट असूनही तुमच्या बिडाच्या चार सिलिंडरच्या तुलनेत वजनात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. एक गंमतशीर योग सांगतो. तुमच्या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आहे आणि व्ही-८ चा बोअरही ८८.९. दोन्ही बरोबर साडेतीन इंच. पहिल्यांदा मोजलं तेव्हा मी कॅलिपर पुसून परत मोजलं होतं.

तेव्हा हे इंजिन या गाडीला परकं नाही. ती भीती मनातून काढा.

आता कापाकापी. नंतरच्या, रबर बंपरच्या गाड्यांची पुढची बॉडी व्ही-८ ला सामावून घेते, आतल्या मडगार्डचे पत्रे तसेच दाबलेले असतात. तुमच्या-माझ्या क्रोम बंपरच्या चार सिलिंडरवाल्या गाडीत तसं नाही. पायांपुढच्या पत्र्याच्या भिंतीला आणि आतल्या मडगार्डला हातोडीने जागा करून घ्यावी लागते. मूळचा स्टीअरिंग शाफ्ट चालत नाही, व्ही-८ साठीचा वेगळा लागतो. रेडिएटर पुढे सरकवून इलेक्ट्रिक पंखे लावावे लागतात. ऑइल फिल्टर इंजिनावरून काढून, पाइप टाकून बाजूला न्यावा लागतो. पाच गिअरचा बॉक्स मोठा आहे, त्यासाठी टनेलला थोडा मार द्यावा लागतो आणि खालचा क्रॉसमेंबर नवा करावा लागतो. बोनेटखाली कार्ब्युरेटर बसतो का हे मी चिकणमातीने बघितलं. कार्ब्युरेटरवर मातीचे तीन गोळे ठेवले, बोनेट हलकेच लावला, उघडला आणि दबलेल्या मातीची जाडी मोजली. एका जागी चार मिलिमीटर आली. इंजिन रबरावर उभं असतं, जोर आला की हलतं. चारमध्ये भागत नाही. मी कार्ब्युरेटरखालचा बुटका मॅनिफोल्ड शोधून आणला आणि पंधरा मिलिमीटर मिळाल्यावरच पुढे गेलो. कॉस्टेलो यांच्या गाड्यांच्या बोनेटवर उंचवटा दिसतो तो यासाठीच. कारखान्याने कार्ब्युरेटर मागे सरकवून तो टाळला.

आता माझ्या हातून झालेली चूक, कारण ती तुमच्या हातून होऊ नये असं मला मनापासून वाटतं. इंजिन बसवल्यावर उजवीकडचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टीअरिंगचा युनिव्हर्सल जॉइंट यांच्यात मी फिलर गेज घातला होता. पाच मिलिमीटर. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, कुठे अडलं नाही. समाधान मानलं. तिसऱ्या दिवशी एका वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि स्टीअरिंग हातात गच्च झालं. क्षणभरच. पाय उचलला तसं सुटलं. गाडी बाजूला घेतली तेव्हा हात थरथरत होते.

बोनेट उघडून टॉर्च लावून बघितलं तर मॅनिफोल्डच्या पाइपवर नखाएवढा चकचकीत ओरखडा, आणि जॉइंटच्या एका कानावर त्याची जोडी. इंजिन बंद असताना मी जागा मोजली होती. पण जोर आला की हे इंजिन उजवीकडे झुकतं, म्हणजे आपल्या गाड्यांत थेट स्टीअरिंगच्या अंगावर. माउंटिंगची रबरं मी जुनीच वापरली होती, ती दबली. थंड असताना पाच असलेली जागा गरम होऊन, झुकून शून्य झाली.

त्यानंतर मी रबरं नवी टाकली, इंजिनाला झुकू न देणारा पट्टा लावला आणि आरव्ही-८ सारखे, आतल्या मडगार्डमधून बाहेर पडणारे मॅनिफोल्ड बसवले. त्यासाठी दोन भोकं पाडावी लागली. बॉडीचा पत्रा कापायचा नाही असं मी ठरवलं होतं, ते तिथे मोडलं. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. स्टीअरिंगच्या शेजारून लालबुंद पाइप जात नाही आणि पाय भाजत नाहीत. तुम्ही जागा मोजाल तेव्हा इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने डावी बाजू उचला, ते उजवीकडे झुकेल तेवढं झुकू द्या आणि तेव्हाची जागा मोजा. तीच खरी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मी इंजिन आधी घातलं आणि बाकीचं नंतर करत बसलो. त्यामुळे गाडी आठ महिने स्टँडवर. हे उलट करा. ब्रेक, सस्पेन्शन, स्टीअरिंग शाफ्ट, रेडिएटर, वायरिंग हे सगळं जुन्या इंजिनावर करून घ्या, रोज चालवून तपासा. व्ही-८ सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट नवी असली की बिघाड कुठे आहे ते कळतं.

गिअरतेल

वरच्या प्रतिसादात एकच भर. मागचा अॅक्सल. तुमच्या गाडीत ३.९०९ गुणोत्तराचा आहे. त्यावर चौथ्या गिअरमध्ये हजार आरपीएमला जेमतेम २९ किलोमीटरचा वेग मिळतो. व्ही-८ ला एवढं फिरवायची गरजच नाही, पहिला गिअर टाकेपर्यंत संपतो. कारखान्याने ३.०७ घातला होता, त्यावर ओव्हरड्राइव्हमध्ये हजारला ४६ किलोमीटर मिळतात. शंभरच्या वेगाला इंजिन २२०० च्या आत.

हे मात्र जुन्या इंजिनावर आधी करता येणार नाही. ३.०७ वर १८०० चं इंजिन जागेवरून हलताना रडेल. हे व्ही-८ बरोबरच.

तारेची चाकं विसरा. कारखान्याने व्ही-८ ला ती कधीच दिली नाहीत. इथे एक खाच आहे: तारेच्या चाकांचा अॅक्सल साध्या चाकांच्या अॅक्सलपेक्षा आखूड असतो. नुसते हब बदलून भागत नाही, अॅक्सलच बोल्टच्या चाकांचा शोधा. पुढचे कॅलिपर आणि जाड डिस्क व्ही-८ चेच घ्या. टॉर्क १४९ न्यूटन-मीटरवरून २६१ वर जातो, आणि एसडी-वनचं इंजिन कारखान्याच्या एमजीबीपेक्षा तगडं आहे, १५५ अश्वशक्तीचं.

तुमचा चार गिअरचा बॉक्स त्यामागे लावायचा मोह कुणी घातला तर ऐकू नका. कारखान्याच्या व्ही-८ मध्येसुद्धा तिसऱ्या गिअरवरचा ओव्हरड्राइव्ह बॉक्सला झेपेना म्हणून काढून टाकावा लागला होता.

आणि आरपीएमचा मीटर. चार सिलिंडरचा मीटर आठला जोडला तर दुप्पट दाखवतो, ३००० ला ६०००. पहिल्या दिवशी छातीत धस्स होतं. आधीच बदलून घ्या.

क्रोमबंपर

सगळ्यांचे मनापासून आभार. सरळचार, तुमचं म्हणणं मी बाजूला टाकलेलं नाही, दोनदा वाचलं.

तेलाचे हात, ते ताडपत्रीखालचं इंजिन मी काल घरी आणलं. उघडायच्या आधी काय बघू? आणि बरीच वर्षं पडलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यायची? दुसरं, तुम्हाला जुन्या इंजिनाची आठवण येते का? खरं सांगा.

तेलाचे हात

उघडायच्या आधी दोन्ही व्हॉल्व्ह कव्हर काढा आणि डायल गेज लावून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते लिहून काढा. सोळाच्या सोळा. या इंजिनाचा कॅम झिजतो हे त्याचं जुनं दुखणं आहे. एखादा व्हॉल्व्ह कमी उचलला जात असेल तर कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्हला जोर पोचवणारे भाग) दोन्ही बदला, नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीही नको. टायमिंग चेनही त्याच वेळी. कूलंटच्या वाटांमध्ये पांढरी पूड दिसली तर अॅल्युमिनियम खाल्लं गेलंय, तिथे पृष्ठभाग घासून सपाटी तपासून घ्या. साधं पाणी घालून ठेवलेल्या इंजिनांचं हेच होतं. हेडचे बोल्ट सावकाश सोडा. बोल्ट पोलादाचे, आटे अॅल्युमिनियमचे. घाई केली तर आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. माझे दोन गेले, तिथे स्टीलचे आटे बसवून घ्यावे लागले.

चालू करतानाची गोष्ट नीट ऐका. या इंजिनाचा ऑइल पंप पुढच्या कव्हरमध्ये आहे, चेंबरमधल्या तेलाच्या पातळीपेक्षा वर. कोरडा झाला की त्याला तेल ओढता येत नाही, नुसती हवा घुसळत राहतो. पंपाचं झाकण काढून दोन्ही गिअरच्या दातांमध्ये पेट्रोलियम जेली गच्च भरा. बोट घालून, एकही पोकळी न ठेवता. ग्रीस नको, ते विरघळत नाही, तेलाच्या वाटेत जाऊन बसतं. मग डिस्ट्रिब्यूटर काढा, त्याच्या भोकातून पंपाचा शाफ्ट दिसतो. तो ड्रिलने फिरवा. आधी ड्रिल सैल फिरेल. मग एका क्षणी त्याचा आवाज जड होईल आणि मनगटाला हिसका बसेल. ते तेल चढलं. रॉकरवर तेल ओघळताना दिसेपर्यंत थांबू नका. मी तेव्हा बॅटरीच्या उजेडात वाकून बघत होतो, आणि आठव्या सिलिंडरच्या रॉकरवर पहिला थेंब फुगून खाली आला तेव्हा चौदा महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की हे चालणार.

नवा कॅम असेल तर चालू होताच आरपीएम दोन ते अडीच हजारांवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच ठेवा. आयडलिंगला सोडू नका. कॅमला तेल क्रँकच्या फिरण्याने उडून मिळतं, हळू फिरला तर पहिल्याच दिवशी झिजतो. त्याआधी इग्निशनच्या वायरी तपासा. क्रम १-८-४-३-६-५-७-२. डाव्या रांगेत पुढून १-३-५-७, उजवीकडे २-४-६-८. रात्री थकल्यावर या वायरी लावू नका.

आठवण येते का? येते. त्या इंजिनाला गिअर बदलून, आरपीएम राखून चालवावं लागायचं, वळणाआधी हात आणि पाय दोन्ही जागे असायचे. स्टीअरिंगजवळची दांडी दाबली की ओव्हरड्राइव्ह लागायचा तो हलका धक्का मला अजून बोटांत जाणवतो. पाच गिअरच्या बॉक्समध्ये ते नाही. त्याच्या बदल्यात चौथ्या गिअरमध्ये पन्नासवरून पाय दाबला की गाडी न कुरकुरता उचलते आणि मागे तो खोल घुमणारा आवाज येतो. दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि मला दोन्ही आवडतात.

म्हणून माझं जुनं इंजिन मी विकलं नाही. तेल घालून, स्पार्क प्लगची भोकं बंद करून, स्टँडवर ठेवलंय. दर महिन्याला क्रँक एक वेढा फिरवतो. माउंटिंगचे मूळ ब्रॅकेट, शाफ्ट, जुना अॅक्सल, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून ठेवलंय. पुढे ही गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला वाटलं तर ती परत मूळची करता यावी.

आणि इंजिन क्रमांक बदलल्याची नोंद आणि विम्याला कळवणं हे पहिल्याच आठवड्यात उरका.

सरळचार

जुनं इंजिन विकू नका, एवढंच मीही म्हणत होतो. बाकी तेलाचे हात यांनी लिहिलेलं वाचून मीच माझ्या शाफ्टजवळची जागा मोजून आलो.

क्रोमबंपर

मोजलं. चौदा व्हॉल्व्ह सारखे उचलले जातात, दोन जवळजवळ दीड मिलिमीटरने कमी, दोन्ही उजव्या रांगेतले. कॅम, टॅपेट, चेन बदलणार. कूलंटच्या वाटा स्वच्छ निघाल्या.

ठरवलं ते असं. मूळ इंजिनाचा क्रँक ग्राइंडिंगला दिला. बोअर तसाच ठेवतोय, फक्त बेअरिंग, रिंग आणि सील. ते परत गाडीत जाईल, आणि त्यावर मी ब्रेक, शाफ्ट, रेडिएटर करून घेईन. साध्या चाकांचा ३.०७ चा अॅक्सल शोधायला लागलोय. व्ही-८ तोवर टेबलावर, सावकाश.

काल मामाला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "चालू करशील तेव्हा मला बोलव, ड्रिल मी धरीन."